सतराचा पाढा

मी कौन्सिलची माणूस नाही, हे मला प्रत्येक घरी दारातच सांगावं लागतं. शाळेचीही नाही. ज्या मुलांना शाळेत वेगळी मदत लागते, त्यांच्यासाठी इथलं कौन्सिल, म्हणजे आपली नगरपालिका, एक प्लॅन करून देतं. प्लॅन मिळाला की ती मदत द्यावीच लागते. नाही मिळाला तर सगळं मर्जीवर. तो मागताना आईवडिलांच्या शेजारी बसायचं, समोरचा काय म्हणतोय ते समजावायचं, एवढंच माझं काम. त्याचं रीतसर ट्रेनिंग घेतलंय. पैसे घेत नाही, त्यामुळे मला कुणी काढून टाकत नाही, आणि मी तोंडाला येईल ते बोलते.

लंडनमधल्या एजवेअरचं ते घर पुण्याच्या जोडप्याचं. तो बँकेच्या आयटीत. ती सॉफ्टवेअर टेस्टर, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्या बारकाईने लिहून काढायच्या. मुलगी सहा वर्षांची. शिवाय तिच्या आईचे वडील, पोस्टातून रिटायर झालेले, नागपूरहून नातीसाठी आलेले.

मुलगी वर्गात बसत नव्हती. कॉरिडॉरमध्ये भिंतीला पाठ लावून उभी राहायची, नाहीतर दार उघडं दिसलं की पळत सुटायची. शाळा तिला जेवणाच्या सुट्टीतच घरी पाठवायला लागली होती. तिच्याजवळ दिवसभर कुणीतरी एक मोठं माणूस हवं होतं, तिला काय हवं-नको ते ओळखणारं. ते प्लॅनशिवाय मिळणार नव्हतं. तिच्यासाठी सगळं त्या एका माणसावर होतं.

मी आईला म्हटलं, "तिचा सगळ्यात वाईट दिवस सांग मला."

"तशी खूप शांत आहे हो काकू."

"हुशार आहे," बाप म्हणाला. "थोडी मूडी आहे, दॅट्स ऑल."

मी चहाचा घोट घेतला. आपल्या लोकांची ही खोड मला तोंडपाठ आहे. परक्यासमोर मुलाबद्दल वावगं बोलायचं नाही, आणि पाहुणा आला की मूल खोलीच्या मधोमध उभं करायचं. मीसुद्धा उभी राहिलेय सांगलीच्या घरात, फ्रॉकचं टोक चावत. त्या दिवशीही तेच झालं. मुलगी स्वयंपाकघरात हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून बसली होती, हा तिचा आवडता उद्योग. आजोबांनी तिला बाहेर आणलं.

"अहो, हिला तीसपर्यंत पाढे येतात. म्हण गं, सतराचा म्हणून दाखव!"

ती पडद्याकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली. खणखणीत, एकही चूक नाही. आजोबांनी टाळ्या वाजवल्या आणि तिच्या हातात बिस्किट ठेवलं. तिने बिस्किट खाल्लं, आमच्यापैकी कुणाकडेही पाहिलं नाही.

मी निघताना बजावलं. कौन्सिलने पाठवलेल्या मानसशास्त्रज्ञ बाई घरी येतील, तेव्हा घर जसं असतं तसंच ठेवा. मुलगी रस्त्यावर पळू नये म्हणून दाराला वर उंच बसवलेला बोल्ट दिसू दे. आणि पाढे नकोत. सगळ्यांनी माना हलवल्या.

बाई आल्या त्या दिवशी मी पोचले, तर उशा एका रांगेत, पोह्यांवर ओलं खोबरं आणि दाराचा बोल्ट गायब. त्याची भोकं तोरणामागे लपवलेली. मी आईकडे रागाने पाहिलं. ती म्हणाली, "पहिल्यांदाच येतायत ना त्या. कसं दिसतं ते." मुलगी नव्या फ्रॉकमध्ये होती आणि आजोबा इस्त्रीच्या शर्टात.

मी बाईंना काही सांगणार, एवढ्यात मुलगीच सुरू झाली. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. "सेव्हन्टीन टाइम्स टेबल, मॅडम!" आजोबांनी माहिती पुरवली. पाढा संपला. बिस्किट आलं, ते तिने खाली टाकलं आणि पाढा पुन्हा सुरू केला. बाई कौतुकाने बघत होत्या. त्या गेल्यावर फ्रॉक ओला झालेला दिसला. आई तिला मुकाट्याने वर घेऊन गेली.

बाईंचा अभिप्राय अतिशय सभ्य होता. स्मरणशक्ती असामान्य, उच्चार स्पष्ट, दोन भाषा. कौन्सिलने त्यावर निर्णय दिला की प्लॅनची गरज नाही, शाळा आपली आपण सांभाळू शकेल. मी भडकले. बाईंवर भडकण्यात अर्थ नव्हता, त्यांना जे दाखवलं ते त्यांनी लिहिलं. ज्यांनी दाखवलं ते माझ्यासमोर खाली मान घालून बसले होते, आणि आजोबा मला आग्रहाने चिवडा वाढत होते.

अशा वेळी अपिलाच्या आधी कौन्सिलशी समोरासमोर बोलायची एक संधी असते. मधे तिसरा माणूस बसतो, त्याला मेडिएशन म्हणतात. ते व्हिडिओवर होणार होतं. मी आईची तयारी करून घ्यायला गेले. मी कौन्सिल झाले, तिने उत्तरं द्यायची. प्रत्येक उत्तर "पण ती खूप गोड आहे" वर येऊन थांबायचं.

शेवटी मी म्हटलं, "ऑफिसात बग रिपोर्ट लिहितेस ना? तसं सांग. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं."

"माझी मुलगी बग नाहीये, काकू."

माझी जीभ जरा जास्तच चालते, हे मला तेव्हा जाणवलं. "नाहीच आहे," मी म्हटलं. "बदलायचं ते शाळेला. पण कुठे अडतं ते त्यांना कळायला नको?"

ती बाहेरच्या खोलीकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "बाबा ऐकतील." मला वाटलं, वडिलांसमोर नातीची उणीदुणी काढायला नको वाटतंय. मी फार खोदलं नाही.

मेडिएशनला आम्ही स्वयंपाकघरात बसलो. टेबलावर लॅपटॉप, आई मधे, नवरा एका बाजूला, मी दुसऱ्या. पडद्यावर मधला माणूस, कौन्सिलचा अधिकारी आणि शाळेच्या विशेष मदतीचं बघणाऱ्या शिक्षिका. आजोबा मुलीला घेऊन बाहेरच्या खोलीत होते आणि मधलं दार अर्धवट उघडं होतं.

अधिकारी तरुण होता, आवाज मऊ. त्याचं म्हणणं साधं होतं: जी मुलगी एवढं अवघड गणित घडाघडा म्हणते, तिला स्वतःची गरजही सांगता येत असेलच. नेमका तेव्हाच बाहेरून आवाज आला. सतरा एके सतरा.

"ही तीच का?" तो हसून म्हणाला.

आईने टेबलाची कड धरली. ती इंग्रजीत बोलली, मी मराठीत सांगते.

"तिला तहान लागली असेल. किंवा काहीतरी दुखत असेल. मला माहीत नाही. पाढा म्हटला की बिस्किट मिळतं, एवढं ती शिकली. त्यामुळे काहीही हवं असलं की ती पाढा म्हणते. तुमच्या बाई आल्या तेव्हा तिला टॉयलेटला जायचं होतं. मागच्या टर्ममध्ये शाळेत तिची बोटं दारात चेमटली. ती तिथे उभी राहून पाढा म्हणत होती. दार उघडेपर्यंत म्हणत होती."

शाळेच्या शिक्षिका खाली बघत म्हणाल्या, "खरं आहे. आम्हाला वाटलं, ती आम्हाला म्हणून दाखवतेय. आम्ही शाबासकी देत होतो."

नवऱ्याला हे नवं नव्हतं, त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. मला नवं होतं. तिने ते वडिलांपासून लपवलं होतं, तेही मला आत्ता कळलं.

बाहेरचा पाढा चालूच होता. दार पूर्ण उघडलं आणि आजोबा आत आले. पोस्टाच्या काउंटरवर आयुष्य गेलेला माणूस, त्यांना सगळं इंग्रजी कळलं होतं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. नळाखाली ग्लास भरला आणि बाहेर नेला. पाढा क्षणभर थांबला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. ते परत आले, डब्यातून बिस्किट घेऊन गेले. पाढा पुन्हा पहिल्यापासून. मग ते दारातच येऊन उभे राहिले, कॅमेऱ्यात दिसतील असे.

"नॉट वॉटर," ते पडद्याकडे बघून म्हणाले. "नॉट बिस्किट. आय डोन्ट नो, सर."

अधिकाऱ्याने मानसशास्त्रज्ञ बाईंना पुन्हा पाठवायची तयारी दाखवली, आणि शाळेने हा प्रसंग सविस्तर कळवला तर निर्णय बदलायला आपली हरकत नाही असं सांगितलं. त्यांच्या भाषेत हे जवळजवळ हो असतं. पुढे प्लॅन झाला, दिवसभर सोबत राहणाऱ्या बाईही मिळाल्या, आणि त्यांना पहिल्याच दिवशी पाढ्याबद्दल सांगितलं गेलं. पण ते सगळं नंतर.

लॅपटॉप बंद केला तेव्हा घर शांत होतं. पाढा थांबला होता. आम्ही बाहेर गेलो. मुलगी सोफ्यावर पाय हलवत बसली होती, एक पाय उघडा. आजोबा खाली गालिच्यावर बसले होते, मांडीवर तिचा मोजा उलटा करून. त्यांच्या तळहातावर हरभऱ्याच्या डाळीचा एक दाणा होता.

मुलगी आई दिसताच तिला जाऊन बिलगली. आजोबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसत नव्हते.

"टोचत होतं तिला," ते लेकीला म्हणाले. "आणि मी टाळ्या वाजवत होतो गं."