ड्रमवरचं अर्धं नाव

रसायनांच्या कारखान्यातल्या पेंटरने वर्षानुवर्षं ड्रमवर नावं घातली, एकही घाईत नाही. पत्र्याचा साचा दाबून धरायचा, ब्रश निथळायचा, रंग ओघळू द्यायचा नाही. दिवसाला चाळीस ड्रम.

ब्यूटिल अल्कोहोल चार जातींचं. चारहींत कार्बन चारच, फरक जोडणीचा. म्हाताऱ्या केमिस्टने त्याला ते हमालांवरून समजावलं होतं; हमाल म्हणजे कार्बन, दार म्हणजे अल्कोहोलची ओएच जोडी. "चौघे हात धरून रांगेत, टोकाच्याने दार धरलं, तो नॉर्मल. रांग तीच, पण दार दुसऱ्याने धरलं, तो सेक. टोकाच्याने दार धरलं आणि पुढच्याला दोन बाजूंनी दोघे, तो आयसो. एकट्याने दार धरलं आणि तिघेही त्यालाच लटकले, तो टर्ट. गारठ्यात हाच दगड होतो."

"म्हणजे आमच्या घरात मी टर्ट. पण त्याला हात किती, साहेब?"

"चार. तुला दोनच, म्हणून तू दमतोस."

मग नवा मॅनेजर आला. "नुसतं ब्यूटिल अल्कोहोल पुरे. आधी नॉर्मल, टर्ट हे लचांड कशाला? साठ ड्रम झाले पाहिजेत." पेंटरने दोनदा कुरकुर केली. तिसऱ्यांदा साच्यातला पहिला शब्द कापून टाकला.

एका गारठलेल्या सकाळी त्याच्या जोडीदाराने ड्रमचा नळ उघडला. वीस वर्षं दोघांनी मिळून ड्रम लोटले होते. थेंब येईना. वर टर्ट दिसलं असतं, तर त्याने ड्रम गरम खोलीत नेऊन दुपारपर्यंत वाट पाहिली असती. त्याला वाटलं, गाळ अडकला. उघड्या नळावर वाफेची नळी धरली. आतला गठ्ठा सुटला आणि भसकन अंगावर आला. शेजारी हीटर तापलेला होता, भडका उडाला.

नऊ दिवस काढले त्याने, दहाव्या दिवशी गेला.

मॅनेजरने कागद पुढे केला. "पूर्ण नाव होतं, त्याने वाचलं नाही, एवढं लिही. तुझ्यामागे तिघं आहेत."

पेंटर कागद खिशात घालून जोडीदाराच्या घरी गेला. वहिनी त्याचे कपडे घड्या करून ठेवत होती.

"भाऊजी, म्हणतात यांनी वाचलं नाही. साबणाचा कागदसुद्धा वाचून काढणारा माणूस."

"वाचलं असणार, वहिनी. नावच अर्धं होतं. मी घातलं."

तिने मान वर केली नाही. "निघा आता."

नाव अर्धं होतं, मी घातलं, हेच त्याने मॅनेजरच्या कागदावर लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्याला रिकामे ड्रम धुवायला लावलं. अकरा वर्षं धुतले. वहिनी पुन्हा कधी बोलली नाही. हात घालण्याआधी तो प्रत्येक ड्रमवरचं नाव पहिल्या अक्षरापासून वाचायचा. अर्धं असलं, की ड्रम बाजूला लोटायचा आणि शिव्या खायचा.