धुडकू मास्टर आणि चालू लूम

शाळेत आम्हांला 'मास्टर' या शब्दाचा पहिला अर्थ शिकवला तो मालक. भुसावळच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर वाक्यात वापरून दाखवत. कुत्रा मास्टरच्या मागे जातो, नोकर मास्टरचं ऐकतो. लग्न होऊन मी सुरतेला आले तेव्हा यजमान उधन्याला असिस्टंट स्टेशन मास्टर होते आणि त्यांच्या मालकीची म्हणावी अशी एक सायकल होती. पुढे लिंबायतला घर घेतलं, तिथे तर गल्लीभर मास्टर. ब्लाउज शिवतो तो मास्टर, पलसाण्याच्या डाइंगमध्ये रंग कालवतो तो कलर मास्टर, नाक्यावर चहा उकळतो तोही मास्टर. ज्याच्या हाताला काम येतं त्याला इथे मास्टर म्हणतात. मालकाला शेठ म्हणतात.

आमच्या खालच्या खोलीत राहणारे धुडकू हे लूम मास्टर, लूम म्हणजे यंत्रमाग. पारोळ्याकडच्या खेड्यातून पोरवयात आले, कापडाचे तागे उचलता उचलता लूम चालवायला शिकले आणि मग बिघडलेले लूम दुरुस्त करणारे मास्टर झाले. कडोदऱ्याला एकाच शेठकडे त्यांचं आयुष्य गेलं. शेडमध्ये खडखडाटामुळे बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं हातवारे करून बोलतात. मास्टरांना ती सवय इतकी लागली की घरी जेवतानाही ते मीठ खुणेनेच मागत. लूम बिघडला की त्याच्या सांगाड्यावर तळवा ठेवून उभे राहत आणि मग पाना उचलत. त्यांची बायको सुंदरा माझ्याकडे गाऱ्हाणं घेऊन यायची. "लूमले ताप उना ते यासले समजस. मी तीन दिन पडेल व्हतू, यासले पत्ता बी नही." पण तीसुद्धा नवऱ्याला हाक मारायची ती 'मास्टर' म्हणूनच.

गेल्या दिवाळीच्या आधी शेठने सांगितलं की आडवा धागा धोट्याने टाकणारे जुने लूम काढायचे, तो पाण्याच्या झोताने टाकणारी वॉटरजेट मशिनं आणायची. लाभपाचमीला जुने लूम घ्यायला पार्टी येईल, शेड साफ ठेवा.

मास्टर त्या दिवशी घरी आले ते जवळजवळ खुशीतच. त्यांच्या धंद्यात जुने लूम विकण्याची एक रीत होती. मालेगावची पार्टी यायची, लूम चालवून पाहायची, आणि पसंत पडले की ते तिकडे नेऊन बसवायला मास्टरलाही सोबत न्यायची. पुष्कळदा मास्टर तिकडेच राहायचा. ते स्वतः तरुणपणी असे एकदा जाऊन आले होते. त्यांचा हिशेब सरळ होता. लूम चांगले चालले तर मालेगावला जातील, आणि लूमबरोबर तेही. नाही चालले तर लूम संपले आणि साठीला आलेल्या माणसाचं कामही संपलं. वॉटरजेटला मास्टर लागत नाही, कंपनीचा मुलगा येतो आणि पडद्यावर बघून दुरुस्त करतो.

दिवाळीत सगळे कारीगर गावी गेले. मास्टर थांबले. सुंदराने आदळआपट केली, भाऊबिजेला माहेरी जायचं राहिलं म्हणून. मास्टर रोज डबा घेऊन बंद शेडमध्ये जात. गंज घासला, पट्टे बदलले, एका मोडक्या लूमचे भाग काढून दुसऱ्याला बसवले. मी एकदा म्हटलं की आजकाल तर ऐकते, सगळे लूम भंगारातच जातात म्हणून. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी काही भलतंच बोलले.

"चालू लूम कोन तोडस, काकू?"

लाभपाचमीला, म्हणजे दिवाळीनंतर धंदे पुन्हा उघडतात त्या दिवशी, मुहूर्ताची पूजा असते. मास्टरांनी आग्रहाने मला आणि सुंदराला रिक्षात घालून नेलं. इतक्या वर्षांत मी त्यांची शेड पाहिली नव्हती. प्रत्येक लूमवर कुंकवाचं बोट आणि झेंडूचं फूल, लोखंड तेलाने चकाकत होतं. नारळ फोडून झाल्यावर त्यांनी एकेक करत सगळे लूम सुरू केले. पायाखालची फरशी थरथरू लागली. सुंदरा कानावर हात ठेवून हसत होती. मास्टर मधल्या वाटेत उभे होते आणि खुणेने मला काहीतरी सांगत होते. मला ते कळलं नाही.

पार्टी आली ती ट्रक घेऊन. चार माणसं उतरली, त्यांच्याकडे घण होते आणि गॅस कटर. शेठने मास्टरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गुजरातीत सांगितलं की मेन स्विच बंद करा, कुठले बोल्ट आधी खोलायचे ते तुम्हीच दाखवा, तुमच्याइतकी माहिती कोणाला आहे. शेठ वाईट माणूस नाही. त्याला खरोखरच हा मास्टरांचा मान वाटत होता.

मास्टरांनी स्विच बंद केला. लूमचा सांगाडा बिडाचा असतो, तो वाकत नाही, घण बसला की तुटतो. पहिले दोन-तीन लूम तुटेपर्यंत मास्टर बोल्ट दाखवत होते. मग भंगारवाल्याचा एक माणूस तुकडा उचलताना घसरला आणि चिडून म्हणाला,

"चाचा, इतना तेल क्यूं डाला? हाथ से छूटता है."

मास्टरांनी खिशातला कापसाचा बोळा काढला आणि पुढच्या लूमचं तेल पुसू लागले. घणवाले त्यांच्या मागे मागे येत होते. सुंदराने त्यांचा दंड धरला तेव्हा कुठे थांबले. "चला घर," एवढंच ती म्हणाली. 'मास्टर' म्हणाली नाही.

पलसाण्याच्या एका डाइंगमध्ये यजमानांच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, त्यांना मी मास्टरांच्या कामासाठी फोन केला. ते नम्रपणे म्हणाले की माणूस हवा आहे, पण मशीनचा पडदा वाचणारा.

आता शेडमध्ये वॉटरजेट बसली आहेत. शेठने धुडकूंना काढलं नाही, फाटकावर बसवलं. निळा शर्ट दिला. येणारे-जाणारे त्यांना चाचा म्हणतात. परवा आम्ही त्या रस्त्याने गेलो तेव्हा सुंदराने रिक्षातूनच दाखवलं. ते खुर्ची शेडकडे पाठ करून ठेवतात आणि दिवसभर हायवेकडे बघत असतात. वॉचमनने तसंच बसायचं असतं, म्हणून शेठ त्यांच्या कामावर खूश आहे.