एक पैलवान, दोन वस्ताद

माझ्या डोक्यावर फेटा अर्धा बांधून झाला होता, तेव्हा मी आनंदरावांना गोळ्यांबद्दल विचारलं.

मी आहारतज्ज्ञ. राजारामपुरीत पहिल्या मजल्यावर माझं क्लिनिक आहे. आनंदराव उचगावचे, साठीला टेकलेले, एकेकाळचे पैलवान. त्या फेट्याच्या दीड महिना आधी त्यांना हार्ट अटॅक आला आणि अँजिओप्लास्टी झाली. म्हणजे हृदयाच्या चोंदलेल्या रक्तवाहिनीत जाळीची बारीक नळी बसवली. तिला स्टेंट म्हणतात. पुढे आहारासाठी डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं.

पहिल्या भेटीत त्यांचं खाणं लिहून घेताना माझा कागद पुरेना. आठवड्यातून चारदा मटण. पांढरा रस्सा वाटीने नव्हे, तांब्याने. संध्याकाळी दूध कट्ट्यावर, समोर पिळलेलं म्हशीचं धारोष्ण दूध. मी सगळं बंद केलं. ज्वारीची भाकरी, कमी तेलातली उसळ, पालेभाजी, साय काढलेलं दूध, बेताचं मीठ, रोज चालणं. अशा वेळी माझाही आवाज जरा व्यासपीठावर चढतो. चार्ट हातात देत मी बजावलं, "या कागदाबाहेरचं काहीही तोंडात घालायचं नाही."

तीन आठवड्यांनी ते आले. चार किलो कमी, जिना चढूनही दम नाही. सोबत पत्नी शालनताई, तालमीतले दोन मित्र, नारळ, शाल आणि फेटा. कोल्हापुरात माणूस बरा झाला की कुणाचा तरी सत्कार करावाच लागतो. मी नको नको म्हणत डोकं पुढे केलं.

"गोळ्या वेळेवर घेताय ना?" मी सहज विचारलं.

"सोडल्या की!"

"कधी?"

"तुमच्याकडं आलतो त्या दिवसापास्नं. कागदावर कुठं हायत?"

मी ताडकन उभी राहिले. फेट्याचं टोक मित्राच्या हातातच राहिलं.

"अहो, डॉक्टरांनी दिल्या होत्या ना?"

"पैलवानाला वस्ताद एकच असतोय, मॅडम. दोघांचं ऐकत बसलं की कुस्ती गेली. आता तुम्हीच वस्ताद."

"मी म्हणलं हुतं, मॅडमास्नी इचारूया," शालनताई म्हणाल्या. "ह्यांनी मलाच गप केलं."

स्टेंट नवीन असताना तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ शकते. झाली की रक्तवाहिनी तिथेच बंद. ती होऊ नये म्हणून या गोळ्या. हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवायच्या नसतात. यांनी एकवीस दिवस चुकवल्या होत्या. शिवाय ते रोज झपाझप चालत होते, माझ्या सांगण्यावरून.

मी डॉक्टरांना फोन लावला. एकवीस दिवसांचं सांगितलं. ते म्हणाले, "जिना उतरू देऊ नका. खुर्चीत बसवून खाली आणा आणि गाडीने इकडे पाठवा. आत्ता."

दोन्ही मित्रांनी आनंदरावांना खुर्चीसकट उचललं.

"आरं, सत्कार मॅडमचा हाय का माझा?" ते वरून विचारत होते. मला हसू आलं नाही. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर मी त्यांच्या छातीकडे बघत होते.

मीही त्याच गाडीने हॉस्पिटलात गेले. ईसीजी झाला, इको झाला. हृदयाला नवीन इजा नव्हती. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि ते मला म्हणाले, "नशीब आहे हे. श्रेय तुमच्या भाकरीला देऊ नका."

नर्सने गोळी पुढे केली. आनंदराव ती घेईनात. माझ्याकडे बघत राहिले. डॉक्टरही माझ्याकडे बघत राहिले.

"आनंदराव," मी म्हटलं, "वस्ताद हे. मी आखाड्यातली माती मळणारी. घ्या गोळी."

त्यांनी गोळी घेतली, पाणी प्याले आणि नाराज होऊन म्हणाले, "आधी सांगायचं की! फेटा ह्यांना बांधला असता."

त्यानंतर माझ्या चार्टची पहिली ओळ बदलली. तिथे आता डॉक्टरांच्या गोळ्या असतात, नाश्ता दुसऱ्या ओळीत. आणि प्रत्येक पेशंटला मी विचारते, माझ्यामुळे तुम्ही काय काय सोडलंत?

पेशंट ऐकत नाहीत, ही आमच्या व्यवसायातली जुनी तक्रार. शब्दन् शब्द ऐकणारा भेटेपर्यंत मीही ती करत होते.