शैलाबाईंचा मंगळवारचा वर्ग

“आई, हे कॅसिनोचं आता बंद. आय ॲम सिरियस,” यतीन म्हणाला, तेव्हा शैलाबाई पोळी भाजत होत्या. पोळी तव्यावर करपली तरी त्यांनी ती उलटली नाही.

झालं होतं एवढंच. महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या मंगळवारी अमेरिकेतल्या नोव्हाय गावातली मराठी ज्येष्ठ मंडळी बस करून डेट्रॉइटच्या कॅसिनोत जातात, हे सुनेला, राधिकाला, तिच्या ऑफिसातल्या कोणीतरी सांगितलं. वर ‘तुमच्या सासूबाई तर लीडर आहेत’ अशी फोडणीही दिली. शैलाबाई घरी ‘मंडळाची ट्रिप’ एवढंच सांगायच्या. खोटं नव्हतं ते, पण खरंही अर्धंच.

“मंगळवारी मी सुट्टी घेतो. स्वतः येऊन बघतो. मग डिसाइड करू,” यतीन म्हणाला.

डिसाइड म्हणजे काय, ते शैलाबाईंना पुरतं कळत होतं. वडील गेल्यावर ज्या मुलाने आईकडून गाडीची किल्ली गोड बोलून काढून घेतली, तो मंगळवारही गोड बोलूनच काढून घेणार. मग उरलं काय? नातवाचा डबा आणि ड्रायरमधले कपडे.

आता हा मंगळवार त्यांच्यासाठी इतका जिव्हाळ्याचा का, ते सांगायलाच हवं. शैलाबाई लग्नाआधी नागपूरला मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. तीनच वर्षं, पण काय वर्षं होती! सातवी ‘ब’च्या बावन्न मुली, आणि टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. मग मोटार कंपनीतल्या इंजिनिअर नवऱ्यामागे मिशिगनला आल्या. इथे शिकवायचं तर पुन्हा शिका, पुन्हा परीक्षा द्या, आणि तेव्हा पोटात यतीन. राहून गेलं ते गेलंच. पुढे एकोणीस वर्षं त्यांनी इथल्याच एका शाळेच्या किचनमध्ये काढली. जेवणाची ट्रॉली ढकलत गणिताच्या वर्गावरून जाताना फळ्यावर कोणाचं तरी चुकलेलं वजाचं चिन्ह दिसायचं आणि हात शिवशिवायचे. सांगणार कोणाला, कप्पाळ!

दोन वर्षांपूर्वी मंडळाची बस पहिल्यांदा कॅसिनोत गेली. बस ठरवणारे मनोहरराव मोठ्या ऐटीत, चित्रं जुळली की पैसे देणाऱ्या एका सेंटच्या स्लॉट मशीनवर बसले आणि दहा मिनिटांत वीस डॉलर घालवून उठले. “एक सेंट लिहिलंय ना ढळढळीत! चोर आहेत सगळे,” असा आरडाओरडा सुरू. शैलाबाईंनी चष्मा लावला, मशीनवरचं माहितीचं बटण दाबलं आणि पडद्यावरचं अथपासून इतिपर्यंत वाचून काढलं.

“मनोहरभाऊ, सेंट चित्रांच्या एका ओळीचा आहे. ओळी आहेत अठ्ठ्याऐंशी. एकदा बटण दाबलं की अठ्ठ्याऐंशी सेंट गेले. गुणाकार कोणी करायचा, तुमच्या मामानं?”

परतताना मनोहररावांनीच त्यांच्या हातात माइक दिला. तेव्हापासून जाताना बसमध्ये चाळीस मिनिटं वर्ग भरतो. ड्रायव्हरच्या मागे छोटा पांढरा फळा टांगतात आणि शैलाबाई पर्समधून निळं मार्कर काढतात. तीन चाकांचं जुन्या वळणाचं मशीन म्हणजे आजी, मधूनमधून हातावर थोडं थोडं ठेवते. मोठ्या पडद्याचं, दिव्यांचं मशीन म्हणजे वरातीतला बँड. गाजावाजा फार, आपण दोन डॉलर लावले आणि एकच परत आला, तरी वाजवून वाजवून अभिनंदन करतं. आणि अनेक मशीनमधून थेंब थेंब साठत ज्याचा जॅकपॉट फुगतो, ते म्हणजे दुबईचा मामा. आला तर सोन्याची साखळी आणेल, पण तो येतोय कशाला! “आणि तिघांचंही घर आपल्याच पैशावर चालतं, हे अधोरेखित करा,” असं म्हणून त्या फळा पुसतात.

प्रत्येकाजवळ आहेराचं पाकीट असतं, वर रुपया चिकटवलेलं, भारतातून गठ्ठ्याने आणलेलं. आत वीस डॉलर. पाकीट संपलं की उठायचं आणि चहाला यायचं, हा नियम. घरी कोणाच्या बापाला न जुमानणारे सत्तर-ऐंशीचे विद्यार्थी निमूट उठतात.

त्या मंगळवारी मात्र यतीन शेजारी बसला होता.

“शैलाताई, आज वर्ग नाही का?” मागून अहिल्याकाकूंनी हाक मारली.

शैलाबाईंनी गळ्याला हात लावला. “घसा बसलाय हो.”

घसाबिसा काही नव्हतं, लाज वाटली त्यांना. पोरगा इथे जन्मलेला, मोठा रिलायबिलिटी इंजिनिअर. आई चालत्या बसमध्ये म्हाताऱ्यांपुढे मास्तरीण होते हे बघून हसला तर? मार्कर पर्समध्येच राहिलं. यतीन फोनवर मेल बघत होता, त्याला काही कळलंही नाही.

कॅसिनोत पोचल्यावर मनोहररावांनी त्याच्याही हातात एक पाकीट ठेवलं. यतीन आधी आईच्या मागे उभा राहिला. आई तीन चाकांच्या मशीनवर पंचवीस-पंचवीस सेंट लावत होती, तेही भाजीवाल्याशी घासाघीस करावी तसं थांबून थांबून. दहा मिनिटांत कंटाळून तो निघून गेला.

चहाची वेळ झाली. सगळी मंडळी टेबलाभोवती जमली, कोणीतरी चिवडा काढला, पण यतीन दिसेना. शैलाबाई शोधत गेल्या, तर पोरगं एका मशीनसमोर वाकून बसलेलं. बाह्या वर सारलेल्या, पाकीट रिकामं, आणि शेजारी एटीएमची पावती.

“काहून रे?”

“पाचच मिनिटं, आई. हे मशीन ड्यू आहे. पाऊण तास ट्रॅक करतोय, एकदाही मोठं दिलं नाही. दोनदा दोन सात जुळले, तिसरं थोडक्यात हुकलं. आता येणारच, ट्रस्ट मी.”

बघा म्हणजे! कुठला पार्ट किती वापरला की मोडेल, हे ऑफिसात सांगायचा या शहाण्याला पगार मिळतो. तेच गणित तो इथे लावून बसला होता.

शैलाबाईंचा बसलेला घसा एका क्षणात सुटला. “ऊठ!”

सातवी ‘ब’चा आवाज होता तो. शेजारच्या मशीनवरची गोरी बाईसुद्धा अर्धी उठली.

त्यांनी त्याच्या पाकिटावरचा रुपया नखाने सोलून काढला आणि त्याच्यासमोर धरला. “हा सलग पाच वेळा छापा पडला. सहाव्यांदा काय पडेल?”

“फिफ्टी-फिफ्टी. ऑब्व्हियसली.”

“का?”

“कॉइनला मेमरी नसते, आई.”

“मग या डब्याला कुठून आली? दर वेळी बटण दाबलं की आत नवा आकडा निघतो. मागचं त्याला काही म्हणजे काही आठवत नाही. तुझं ते थोडक्यात हुकलेलं सात नुसतं चित्र आहे.”

“पण पार्ट्स झिजतात ना...”

“हे नाही झिजत, राजा. समोर बसणारा झिजतो.”

मागे मनोहरराव चहाचा कप घेऊन हसू दाबत उभे होते. “वर्ग बुडला की असं होतं, यतीन! आज बाईंनी शिकवलं नाही, तर तिकडे अहिल्यावहिनीही अख्खं पाकीट दुबईच्या मामाला देऊन आल्या.”

“कसला वर्ग?”

मनोहररावांनी सगळं सांगितलं. फळा, मार्कर, आजी, बँड, दोन वर्षं. शैलाबाई तो रुपया मुठीत धरून खाली मान घालून उभ्या होत्या, कॉपी करताना पकडलेल्या मुलीसारख्या. यतीनने एटीएमची पावती घडी घालून खिशात टाकली आणि तो चहाच्या टेबलाकडे चालू लागला.

परतीची बस सुटली. यतीन पुन्हा फोन काढून बसला. गेला आपला मंगळवार, असं शैलाबाईंनी मनाशी धरलं आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. हायवे लागल्यावर यतीन उठला. वरच्या कप्प्यातून त्याने फळा काढला, ड्रायव्हरच्या मागे टांगला, आईच्या पर्समधलं मार्कर शोधून तिच्या हातात दिलं. मग फोन बंद केला आणि पुढच्या सीटवर जाऊन ताठ बसला.

शैलाबाई उभ्या राहिल्या. हलत्या बसमध्ये त्यांनी सीटची कड धरली. फळ्यावर पहिला आकडा उमटला. मशीनला आठवण नसते, हा त्या दिवसाचा धडा. ‘समजा, एक हुशार इंजिनिअर आहे’ असं त्यांनी उदाहरण घेतलं, तर सगळी बस यतीनकडे बघून खो-खो हसली, आणि तोही हसला. मध्येच फळ्यावरून वळताना त्यांना दिसलं, पोराचे डोळे भरून आलेत आणि तो ते पुसतही नाहीये. चाळीस वर्षं त्याने आईला पोळ्या करताना पाहिलं होतं, ट्रॉली ढकलताना पाहिलं होतं, दवाखान्यात बाबांच्या उशाशी बसलेलं पाहिलं होतं. ही बाई तो आज पहिल्यांदा बघत होता. शैलाबाईंना आतून भरून आलं, पण वर्ग अर्धा टाकायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी धडा पुरा केला.

“काही शंका?” त्यांनी नेहमीसारखं विचारलं.

यतीनने हात वर केला. “बाई, एक शंका आहे. हे सगळं तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?”

बसमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. शैलाबाईंनी मार्करला सावकाश टोपण लावलं.

“प्रश्न मोठा आहे, आणि आजची वेळ संपली,” त्या म्हणाल्या. “उत्तर चौथ्या मंगळवारी.” मग आवाज एकदम आईचा झाला. “येशील ना रे?”

“येतो, बाई,” यतीन म्हणाला. “पण यापुढे घसा बसलाय म्हणून वर्ग बुडवायचा नाही.”