दोनशे सात नंबरची चादर

माझी वहिनी चादरी वाचते आणि मी अर्थशास्त्राची पुस्तकं. गावाचं बरं चाललंय की वाईट, हे आमच्या दोघांत आधी कोणाला कळतं ते सांगणं माझ्या प्राध्यापकीला शोभत नाही. पण सांगायला बसलोच आहे तर सांगून टाकतो. आधी तिलाच कळतं.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिची लॉन्ड्री आहे. दोन मोठी मशिनं, एक इस्त्रीचा रोलर, वाळत घालायला तारांच्या सात रांगा आणि अकरा बायका. टेकडीवरचा किल्ला आणि खालचं तळं बघायला माणसं येतात, राहतात, झोपतात. ती ज्यावर झोपली ते सगळं दुसऱ्या दिवशी दादाच्या टेम्पोतून आमच्याकडे येतं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा. तो टेम्पो चालवतो आणि गप्प बसतो. दोन्ही कामं चोख करतो.

मळकी चादर उजेडाला धरून वहिनी दोन क्षण बघते आणि निकाल देते. "या लॉजचं छप्पर गळायला लागलंय." "तळ्याकडची वाट चिखलाची झालीय, कोणीतरी खडी टाकायला सांगा." एकदा म्हणाली, "चादरींवर चहा सांडायचा कमी झालाय, भाऊजी. म्हणजे पाहुणे न्याहारीला बाहेर पडतात. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याला बरे दिवस आलेत." मी मुद्दाम टपरीवर जाऊन पाहिलं. त्यानं दोन नवी बाकं टाकली होती.

ही विद्या तिला एका नियमामुळे जमते. प्रत्येक खोलीचं गाठोडं वेगळं बांधायचं आणि आत खोलीच्या नंबराची चिठ्ठी टाकायची. हॉटेलांतल्या झाडलोटवाल्या बायकांनी सुरुवातीला खूप कुरकुर केली, पण वहिनीपुढे कुरकुर करून आजवर कोणाचं भलं झालेलं नाही. मी याला साक्षीदार आहे.

दगडाची खाण बंद पडली आणि दादा घरी बसला, तेव्हा हे सगळं सुरू झालं. शेजारच्या काकूंनी आपली एक खोली पाहुण्यांना द्यायला काढली होती. त्यांच्या चार चादरी वहिनीनं धुवायला आणल्या. मी तेव्हा कॉलेजात नुकताच चिकटलो होतो, त्यामुळे मला सगळंच कळत होतं. म्हटलं, "वहिनी, चार चादरींवर घर चालतं होय?" ती म्हणाली, "चार माणसं नीट झोपली तर चाळीस जणांना सांगतील." आज त्या अकरा बायकांपैकी एकीची मुलगी नर्सिंग शिकते आणि एकीच्या घरावर पक्कं छत आलंय. फाटक्या चादरी शिवणाऱ्या शिंपीणबाईंनी दुसरं मशीन घेतलंय. पुस्तकात याला गुणक परिणाम म्हणतात. तो समजावताना मी फळ्यावर इतके बाण काढतो की पोरांना वाटतं युद्धच चाललंय.

तर अशी घडी नीट बसलेली असताना तळ्याकाठच्या मोठ्या हॉटेलात नवा मॅनेजर आला. भर उन्हातही गळ्यात टाय, म्हणून बायकांनी त्याचं नाव टायवाला ठेवलं. आल्या आल्या त्यानं निरोप धाडला. हॉटेल तळघरात स्वतःचं मशीन बसवणार, एक तारखेपासून तुमचं काम बंद. वहिनीचं निम्म्याहून जास्त काम त्या एकट्या हॉटेलचं. ते गेलं की अकरातल्या सहा बायका घरी बसणार, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नव्हता. मशीनचं भलंमोठं खोकं तळघरात उतरताना दादानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवशी तो जेवलासुद्धा गप्पच, म्हणजे नेहमीपेक्षाही गप्प.

मी धीर द्यायला म्हणून शिकवायला बसलो. "वहिनी, याला गळती म्हणतात. पाहुण्यांचा पैसा गावात फिरायच्या आत बाहेर निघून जातो. मशीन बाहेरचं, साबण बाहेरचा, कंपनी बाहेरची."

"मग बुडाला भोक पडलंय म्हणा ना सरळ," ती म्हणाली. "आणि भोक दिसल्यावर नुसतं नाव सांगून काय उपयोग?"

मी माझी गळती आवरली.

महिना संपायला बारा दिवस होते. सकाळी दुसऱ्या मजल्याची गाठोडी सोडताना वहिनीचा हात थांबला. चादरीच्या उशाकडच्या शिवणीपाशी बॉलपेनच्या टोकाएवढे काळपट ठिपके होते. तिनं चिठ्ठी पाहिली. दोनशे सात. मग दोनशे आठ आणि दोनशे नऊची गाठोडी सोडली. तिथेही तेच.

"ढेकूण," ती हळूच म्हणाली.

शेडमध्ये जो आनंद पसरला तो मी कसा लपवू! आमच्यातली एक तोंडाळ बाई आहे, तिला सगळ्या 'रेडिओ' म्हणतात. तिनं टाळीच वाजवली. "बसा आता टाय लावून! आपल्या पोटावर पाय देतो काय? ताई, एक शब्द बोलायचा नाही. शुक्रवारी त्याच्याकडे एकशे वीस डॉक्टरांची परिषद आहे. खाजवू देत रात्रभर!" खोटं कशाला बोलू, मीही मनातल्या मनात टाळी वाजवली. आपण हात न लावता काटा निघत असेल तर सुंठीवाचून खोकला गेला!

वहिनीनं चादरीची घडी घातली. "पाहुणा हॉटेलचं नाव विसरतो, गावाचं नाही," ती म्हणाली. "उद्या जगभर सांगतील, त्या तळ्याच्या गावाला जाऊ नका, ढेकूण आहेत. मग काकूंच्या एका खोलीत तरी कोण झोपायला येणार? सुक्याबरोबर ओलंही जळतं, बाई. आणि हे इथून बाहेर जाता कामा नये." हे शेवटचं रेडिओकडे बघून. मग माझ्याकडे वळली. "भाऊजी, चप्पल घाला. तुम्हाला साहेब लोकांची भाषा येते."

माझी भाषा लागलीच नाही. टायवाल्यानं आम्हाला बसा म्हटलं नाही. ऐकून घेतलं आणि ओठ आवळून म्हणाला, "काम जाणार म्हटल्यावर बऱ्याच गोष्टी सापडतात लोकांना. गंजाचे डाग असतील."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनीनं त्याच्या चकचकीत टेबलावर दोनशे सातची चादर पसरली. त्याच्याच ग्लासातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि ठिपक्यावर घासलं. ठिपका तांबूस होत पसरला.

"गंज असा पसरत नाही, साहेब. आजच तिन्ही खोल्या बंद करा. ते भिंतीच्या फटीतून शेजारी जातात, म्हणून दोनशे सहा आणि दहासुद्धा बघा. फवारणीवाला मागच्या दारानं आणा. झाकली मूठ सव्वा लाखाची. मजल्यावरचं सगळं कापड मला पाठवा, मी कढत धुऊन, कढत वाळवून देते, शुक्रवारच्या आत."

टायवाल्यानं वाकून तो ठिपका जवळून पाहिला आणि विचारलं, "नेमक्या याच तीन खोल्या, हे तुम्हाला कसं कळलं?"

"चिठ्ठीवरून."

त्यानं झाडलोटीच्या मुख्य बाईंना बोलावलं. "खालच्या नव्या मशीनला खोल्यांची गाठोडी वेगवेगळी येणार ना?"

"नाही हो, साहेब. वरून सगळं कापड एका मोठ्या नळीत टाकायचं, खाली सगळ्या हॉटेलचा एकच ढीग."

वहिनीनं चादर गुंडाळली. "बघतो," एवढंच तो म्हणाला, आणि आम्ही निघालो. रस्त्यात मी म्हटलं, "अहो, कामाचं बोलायचंत की! लोखंड तापलं होतं."

"मी काय सौदा करायला गेले होते?" ती म्हणाली, आणि भरभर चालू लागली.

त्याच संध्याकाळी मागच्या दारानं फवारणीवाला आत गेला आणि मजल्यावरचं सगळं कापड आमच्याकडे आलं. पुढचे दोन दिवस अकराजणींनी घाम गाळला. डॉक्टर आले, तीन दिवस राहिले, तळ्यात होड्या फिरवल्या, किल्ल्यावर दमले आणि गेले. कोणी खाजवलं नाही. रेडिओनंही तोंड बंद ठेवलं, हा तर चमत्कारच. टायवाल्याकडून मात्र ना आभार, ना निरोप. जिथे विश्वास नाही तिथे चांगुलपणाही फुकट जातो, असं मी दोनदा बोलून दाखवलं. वहिनीनं दोन्ही वेळा मला वाळत घालायला ओल्या चादरी दिल्या.

एक तारीख उजाडली. दादा नेहमीच्या वेळी टेम्पो घेऊन गेला. छोट्या लॉजांचं धुतलेलं कापड आधी पोचवायचं नि मग रिकाम्या टेम्पोनं हॉटेलकडे एक फेरी मारून बघायची, असं ठरलं होतं. आठ वाजता सगळ्याजणी भिंतीला टेकून बसल्या होत्या. कोणी पदराशी चाळा करत होती, कोणी नुसतीच बसली होती. घरी बसवायच्या सहाजणींची नावं वहिनीनं काढली नव्हती. मला वाटतं, तिच्यानं काढवली नसावीत. मी पहिल्यांदा तिचे हात रिकामे पाहिले, आणि मला ते बघवेनात.

आमचा टेम्पो जुना आहे. रिकामा असला की गल्लीच्या तोंडापासून त्याचे पत्रे खडखडतात. भरलेला असला की नुसतं इंजिन ऐकू येतं. वहिनी मान तिरकी करून ऐकत होती. मग आम्हा सगळ्यांनाच ऐकू आलं. नुसतं इंजिन.

दादा उतरला. मागचं फळकूट पाडलं. आत वरपर्यंत गाठोडीच गाठोडी होती.

"टॉवेल आता तेच धुणार," दादा म्हणाला. "चादरी सगळ्या आपल्याकडे. चिठ्ठ्या घातल्यात." मग जरा थांबून, जन्मात पहिल्यांदाच न विचारता, तो आणखी एक वाक्य बोलला. "साहेब स्वतः बांधत होता."

रेडिओ रडायला लागली. वहिनीनं पदर खोचला, वरचं गाठोडं ओढलं, चिठ्ठी काढली आणि चादर उजेडाला धरली.

"बसलात काय?" ती म्हणाली. "पाणी तापवा."