हिरव्या रक्ताचा खेळ

शनिवार, ११ मे २०२४. दुपारी चार वाजता अकोल्याच्या जुन्या शहरात, मुलीच्या घरी, पुढच्या खोलीत मी खुर्ची ओढून बसलो आणि नातवाला म्हणालो, "दाखव."

मला अमरावतीहून त्यासाठीच बोलावले होते. नातू अकरा वर्षांचा आहे. मोबाइलवर तो गोळीबाराचा एक खेळ खेळतो. तो त्याने खेळावा की नाही, यावरून त्याच्या आईवडिलांत अबोल्यापर्यंत मजल गेली होती. शेवटी, मी सांगेन ते दोघांनी ऐकायचे असे ठरले. माझी सारी नोकरी न्यायालयाच्या कचेरीत गेली. तिथे मी निवाडे केले नाहीत, फायली लावल्या. पण घरच्यांच्या लेखी तो फरक उरलेला नाही. सवय मात्र लागली. दोन्ही बाजू ऐकायच्या, वस्तू स्वतः पाहायची आणि काय ते त्याच दिवशी सांगून टाकायचे.

मुलीचे म्हणणे एका वाक्यात संपले: "बाबा, पोरगं झोपेत 'मार, मार' म्हणते." जावयांनी मात्र आपली बाजू नीट मांडली.

"मामाजी, सरसकट बंद करू नका. मागच्या वर्षी माझी बदली झाली अन् मोर्शी सुटलं. याचे दोस्त सारे तिथं. इथं वर्गात कोणी याच्याशी धड बोलत नाही. रोज संध्याकाळी हे चौघं त्या खेळात भेटतात. तेवढंच आहे त्याले."

"आणि माणसं मारणं?"

"रक्त हिरवं करून देल्लं न मी! लहान पोरांसाठी तशी सोय राहते त्यात."

ती सोय मी पाहिली. माणूस गोळी लागून पडतो आणि भिंतीवर मेथीची भाजी सांडावी तसे शिंतोडे उडतात. रक्त लाल असते तर निदान पोर एकदा तरी दचकले असते. रंग बदलून तेवढीही अडचण दूर केली होती, आणि ती बापाने केली होती, काळजीपोटी.

आबाजी बघणार म्हणून नातवाने मोर्शीच्या मुलांना त्या दिवशी लवकर बोलावले होते. त्यांचे आवाज मोबाइलमधून येत होते. नातू तरबेज होता. त्याने एकाला टिपले. तो माणूस गुडघ्यांवर आला आणि रांगू लागला. नातू थांबला.

"हा मेला नाही काय?" मी विचारले.

"नाही न, आबाजी. याले लगेच नाही मारत. रांगू द्यायचं."

"काहून?"

"याचा दोस्त याले उचलायले येते. आला का मंग दोघंबी!"

दोस्त आला. धावत आला, वाकला, हात पुढे केला. दोघेही पडले. मोबाइलमधून आरोळी उठली, "चारा मस्त लावला बे! असाच लावत जाजो!"

त्या रांगणाऱ्या माणसाला ही मुले चारा म्हणतात, गळाला लावतात तसा.

मला किळस आली. हा शब्द मी विचार करून लिहीत आहे. खुनाच्या फायली मी वर्षानुवर्षे हाताळल्या. पंचनामा वाचून जेवणाचा डबा उघडला आहे. रागात मारणारे, दारूत मारणारे, शेताच्या धुऱ्यासाठी, वीतभर बांधासाठी मारणारे, सगळे कागदावर भेटले. जखमीला मुद्दाम जिवंत ठेवून त्याच्या मित्राची वाट पाहणारा मला तिथे आढळला नाही. इथे तो माझ्या शेजारी बनियनवर बसला होता आणि शाबासकीसाठी माझ्याकडे पाहत होता.

निकाल सांगायला मी दिवस मावळेपर्यंत थांबायचे ठरवले, कारण मुलीचा आग्रह होता. "तो रोज कसा वागते ते पाहा, बाबा. मी त्याले मोकाट नाही सोडलं. माझा नियम आहे, बुद्धवंदना झाल्याशिवाय मोबाइल नाही. एक दिवस चुकत नाही त्याची वंदना."

संध्याकाळी मूर्तीपुढे मेणबत्ती लागली. नातू उभा राहिला. त्रिशरण आणि पंचशील त्याने घोकलेल्या पाढ्यासारखे म्हटले. जीवहिंसेपासून दूर राहण्याचे पहिले शील पुढच्या चारांसह एका दमात गेले. डोळे मूर्तीवर नव्हते. आईच्या हातातल्या मोबाइलवर होते. शेवटचे 'साधु' तोंडात असतानाच त्याने हात पुढे केला आणि मुलीने त्यात मोबाइल ठेवला. ती माझ्याकडे अभिमानाने पाहत होती.

"हे बंद कर," मी म्हणालो.

"खेळ?"

"आधी ही देवघेव. शीलं म्हणजे खेळाचा टोल नाही."

तिचा चेहरा उतरला, मग तापला. "म्हणजे मीच चुकली? पोराची वंदना सुटू देऊ नको, असं तुमीच म्हणत होते न?"

"अशी वंदना नाही म्हटली होती. खेळ बंद. रक्ताचा रंग कोणताही असो. वंदना त्याला करावीशी वाटेल तेव्हा तो करेल, तिच्या बदल्यात काही मिळणार नाही."

नातू उसळला.

"तुमाले काय जाते, आबाजी? तुमी उद्या अमरावतीले चालले जासान. मंग मी कोणाशी बोलू? मले कोण हाय इथं?"

त्याचे म्हणणे खरे होते. जावयांचेही खरे होते. चौघांची भेट खोटी नव्हती; भेटायला दिलेली जागा घाणेरडी होती. ती काढून घेतल्यावर पोराजवळ काहीच उरत नव्हते, आणि निकाल माझा होता.

"उद्या माझ्यासोबत चाल," मी म्हणालो. "सुट्टीभर अमरावतीला राहा. तिथून मोर्शीला जाऊ."

"तिथं जाऊन करू काय? ते बी मोबाइलवरच राहतीन."

"राहतील. एका ओट्यावर तर बसाल. तुझा धक्का लागला तर त्यांना कळेल."

वडिलांनी सांगितल्यावर खेळ त्याने स्वतः मोबाइलमधून काढला, मोबाइल टीव्हीशेजारी ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. जेवायला माझ्या पंगतीला आला नाही.

मुलीने त्याचे दोन जोड कपडे आणि टॉवेल आणून दिला. मी ते माझ्या पिशवीत तळाशी घातले आणि चेन लावली.