रोहन आज कुवेतला निघाला

मंडळी, मघापासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

दुपारी न्यू जर्सीहून माझ्या दिरांचा फोन आला. त्यांचा रोहन अमेरिकन आर्मीत आहे, आज कुवेतच्या तळावर निघायचा होता. मी गाझाच्या बातम्यांचा विषय काढला तर भावोजी हसले. "वहिनी, ते त्यांचं भांडण. अमेरिकेला काय त्याचं?"

मागून रोहन ओरडला, "काकू, जातो!"

"जातो नाही रे, येतो म्हणावं," मी म्हणेपर्यंत फोन कट झाला.

संध्याकाळी इथे आयर्लंडमध्ये, आमच्या एनिस गावातल्या शेजाऱ्याबरोबर, पॅटबरोबर, शॅनन विमानतळाच्या बाजूला फिरायला गेले. पॅटने तिथे आयुष्यभर विमानांत इंधन भरलंय. इंधनासाठी इथे थांबलेलं अमेरिकन सैनिकांचं विमान समोरून उडालं. एरवी सगळ्याला "ग्रँड", म्हणजे मस्त, म्हणणाऱ्या पॅटने या वेळी नुसती मान हलवली.

मग म्हणाला, "गाझा पेटलं की राग अमेरिकेवरही निघतो. आणि हाताशी सापडतात ती त्या भागातल्या अमेरिकन तळांवरची ही पोरं."

आत्ता भावोजींचा मेसेज आलाय, "रोहन निघाला. ऑल गुड."

काय उत्तर देऊ, तुम्हीच सांगा. मी नुसती पुटपुटतेय, येतो म्हण रे बाळा, येतो म्हण.